आकाशातून घेतलेले मोजमाप : सुदूर संवेदन आणि त्याच्या संवेदक प्रणाली

एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणारे प्रारण दुरून टिपून आणि मोजून तिचे गुणधर्म जाणून घेण्याच्या शास्त्राला सुदूर संवेदन म्हणतात. ही व्याख्या इतकी व्यापक आहे की मानवी दृष्टीही तिच्यात बसू शकेल. परंतु व्यवहारात ही संज्ञा मुख्यतः विमाने, ड्रोन आणि कृत्रिम उपग्रह यांवर बसवलेल्या उपकरणांनी भूपृष्ठाचे, समुद्राचे आणि वातावरणाचे जे निरीक्षण केले जाते, त्यासाठी वापरली जाते. हवामानाचा अंदाज, पिकांखालील क्षेत्राचा अदमास, पाणलोटाची आखणी, पुराची व्याप्ती, शहरांची वाढ आणि जंगलांची घट अशा अनेक विषयांत आज उपग्रहप्रतिमा पुरावा म्हणून पुढे ठेवल्या जातात, आणि त्या प्रतिमा आता मोबाइलच्या पडद्यावर कोणालाही पाहता येतात. मात्र त्या पाहणे जितके सोपे झाले आहे, तितके त्या वाचणे सोपे झालेले नाही.

उपग्रहप्रतिमा दिसायला छायाचित्रासारखी असली तरी ती मूलतः मोजमापांची सारणी असते, हे प्रस्तुत व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. तिच्यातील प्रत्येक लहान चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, एक संख्या दिलेली असते. आणि ती संख्या कोणत्या तरंगलांबीच्या प्रारणाची आहे, किती क्षेत्रफळावरून, किती वेळात आणि कोणत्या रचनेच्या उपकरणाने मोजलेली आहे, हे कळल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. त्यामुळे प्रतिमेवर विश्वास किती ठेवावा याचे उत्तर प्रतिमेत सापडत नाही. ते संवेदकाच्या रचनेत आणि जमिनीवर केलेल्या पडताळणीत शोधावे लागते.

प्रारण, वातावरण आणि पदार्थ

सुदूर संवेदनाचा आधार विद्युतचुंबकीय प्रारण हा आहे. या प्रारणाच्या विस्तीर्ण वर्णपटातील फक्त 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर एवढीच पट्टी मानवी डोळ्याला दिसते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्या प्रकाशापलीकडे अवरक्त प्रारण असते, हे विल्यम हर्शल यांनी 1800 मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून दाखवून दिले. या अवरक्त प्रारणाचे सुदूर संवेदनाच्या दृष्टीने तीन भाग पडतात: सुमारे 1.3 मायक्रोमीटरपर्यंतचे निकट अवरक्त, तेथून 3 मायक्रोमीटरपर्यंतचे लघुतरंग अवरक्त आणि 8 ते 14 मायक्रोमीटर या टप्प्यातील औष्णिक अवरक्त. त्यापलीकडे, तरंगलांबी मिलिमीटरपासून मीटरपर्यंत पोहोचते तेथे, सूक्ष्मतरंगांचा प्रदेश येतो.

कोणती वस्तू कोणत्या तरंगलांबीचे प्रारण सर्वाधिक बाहेर टाकील, हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. सुमारे 6000 केल्विन तापमानाच्या सूर्याचे प्रारण 0.5 मायक्रोमीटरच्या आसपास कमाल असते, तर 300 केल्विनच्या घरातील भूपृष्ठाचे प्रारण 9.7 मायक्रोमीटरच्या जवळ कमाल असते. या एका भौतिक सत्यामुळे सुदूर संवेदनाची दोन क्षेत्रे आपोआप वेगळी होतात. दृश्य, निकट आणि लघुतरंग अवरक्तात संवेदक परावर्तित सूर्यप्रकाश मोजतो, म्हणून त्याला दिवस लागतो. औष्णिक अवरक्तात तो पृथ्वीने स्वतः उत्सर्जित केलेली ऊर्जा मोजतो, म्हणून त्याला रात्रही चालते.

हे प्रारण संवेदकापर्यंत पोहोचण्यापूर्वी वातावरणातून जाते, आणि वातावरण सर्व तरंगलांबींना सारखी वाट देत नाही. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ओझोन हे वायू विशिष्ट पट्ट्यांतील प्रारण शोषून घेतात. ज्या पट्ट्यांत हे शोषण कमी असते त्यांना वातावरणीय खिडक्या म्हणतात, आणि भूपृष्ठ पाहणारे जवळजवळ सर्व संवेदक या खिडक्यांसाठीच रचलेले असतात. शोषणाखेरीज प्रकीर्णनाचाही विचार करावा लागतो. हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे 0.4 मायक्रोमीटरचा जांभळट-निळा प्रकाश 0.7 मायक्रोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या नऊपटींहून अधिक विखुरला जातो. आकाश निळे दिसण्याचे आणि उपग्रहाच्या निळ्या पट्ट्यातील प्रतिमा धूसर येण्याचे कारण हेच आहे. म्हणून पृष्ठभागाचे खरे परावर्तन काढण्यासाठी वातावरणाचा हा वाटा गणिताने वजा करावा लागतो.

पदार्थ ओळखण्याची किल्ली अशी की प्रत्येक पदार्थ निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रारण निरनिराळ्या प्रमाणात परावर्तित करतो. हिरव्या पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते व 0.55 मायक्रोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश त्या मानाने अधिक परत पाठवते. निकट अवरक्तात मात्र पानाच्या अंतर्गत पेशीरचनेमुळे बरेचदा 40 ते 50 टक्के प्रारण परावर्तित होते, आणि लघुतरंग अवरक्तात पानातील पाण्याचे प्रमाण परावर्तन ठरवते. स्वच्छ पाणी निकट अवरक्त जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, त्यामुळे त्या पट्ट्यातील प्रतिमेत तलाव आणि नद्या काळ्या दिसतात. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली काळी जमीन सर्वच पट्ट्यांत कमी परावर्तन करते आणि ओल धरल्यावर अधिकच गडद होते. शोषण आणि परावर्तनाच्या या विशिष्ट आलेखाला त्या पदार्थाची वर्णपटीय ओळख म्हणतात.

या तत्त्वाचा भारतातील पहिला उल्लेखनीय उपयोग 1970 च्या सुमारास झाला. केरळमध्ये नारळाच्या झाडांना कोमेजवणाऱ्या रोगाचा मागोवा घेण्यासाठी हेलिकॉप्टरमधून अवरक्त-संवेदी फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली, आणि निरोगी व रोगट झाडे त्या फिल्मवर वेगवेगळ्या छटांत उमटली. या प्रयोगाचे नेतृत्व करणारे पिशारोथ रामा पिशारोटी हे भारतीय सुदूर संवेदनाचे जनक मानले जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. पानाच्या अंतर्गत रचनेत झालेला बिघाड निकट अवरक्तात ओळखता येतो, आणि आजही पीकनिरीक्षणाचा पाया हाच आहे. निकट अवरक्त आणि तांबड्या पट्ट्यातील परावर्तनाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की जो वनस्पती निर्देशांक मिळतो, तो उणे एक ते अधिक एक या मर्यादेत असतो. समजा, जोमदार पिकाचे निकट अवरक्तातील परावर्तन 45 टक्के आणि तांबड्यातील 5 टक्के असेल, तर निर्देशांक 0.8 येतो, उघड्या जमिनीसाठी हीच परावर्तने 12 आणि 9 टक्के असतील, तर तो 0.14 च्या आसपास राहतो. उपग्रहप्रतिमांत झाडी अनेकदा लाल दिसते, तेही याच कारणाने: डोळ्याला न दिसणारा निकट अवरक्त पट्टा पडद्यावर लाल रंगाने दाखवण्याची पद्धत आहे, आणि अशा प्रतिमेला आभासी रंगसंमिश्र म्हणतात.

संवेदकाचे स्थान

संवेदक कोठून पाहतो यावर तो काय पाहू शकेल हे ठरते. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीने फिरतो, त्यामुळे तो एकाच प्रदेशावर अखंड नजर ठेवू शकतो. भारताचा इन्सॅट-3डी हा 2013 मध्ये सोडलेला उपग्रह याच प्रकारचा असून त्याच्यावरील चित्रक दर अर्ध्या तासाला ढगांची प्रतिमा देण्यासाठी रचलेला आहे. मात्र एवढ्या अंतरावरून औष्णिक पट्ट्यात त्याचा एक पिक्सेल चार किलोमीटर बाजूचा असतो, म्हणजे एका संख्येत 16 चौरस किलोमीटरचा प्रदेश सामावतो. चक्रीवादळाचा मार्ग पाहण्यासाठी हे पुरेसे असते, परंतु शेत पाहण्यासाठी नसते.

जमिनीचा तपशील हवा असेल तर उपग्रह साधारण 500 ते 900 किलोमीटर उंचीवरील, ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत ठेवावा लागतो. ही कक्षा विषुववृत्ताशी 98 अंशांच्या आसपास कोन करील अशी निवडली, तर पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तीय भागाच्या गुरुत्वाकर्षणामुळे कक्षेचे प्रतल रोज जवळजवळ एक अंश वळते आणि सूर्याशी त्याचा कोन वर्षभर तोच राहतो. अशा सूर्यसमकालिक कक्षेमुळे उपग्रह प्रत्येक ठिकाणावरून ठरावीक स्थानिक वेळेला जातो. भारताच्या रिसोर्ससॅट मालिकेसाठी ही वेळ सकाळी साडेदहाच्या सुमारास ठेवलेली आहे, कारण त्या वेळी प्रकाश पुरेसा असतो आणि दुपारचे ढग अजून दाटलेले नसतात. वेळ तीच राहिल्याने सूर्याची उंची ऋतुमानापुरतीच बदलते, आणि दोन वर्षांच्या एकाच महिन्यातील प्रतिमांची तुलना शास्त्रीय ठरते.

प्रकाशीय संवेदकांची रचना

प्रकाशीय संवेदकात प्रारण गोळा करणारी दुर्बीण, ते वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागणारी गाळणी किंवा लोलक, प्रारणाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा शोधक आणि त्या संकेताला संख्येचे रूप देणारी यंत्रणा असे चार मुख्य भाग असतात. यांतील शोधकाची मांडणी कशी आहे यावरून संवेदकांचे दोन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात मोजकेच शोधक असतात आणि त्यांच्यासमोरचा आरसा उपग्रहाच्या मार्गाला आडवा हलत राहून जमिनीची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिक्सेलमागून पिक्सेल टिपतो. अमेरिकेने 23 जुलै 1972 रोजी सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहावरील बहुवर्णपटीय स्कॅनर या प्रकारचा होता; व्हर्जिनिया नॉरवुड यांनी रचलेल्या या उपकरणाने चार पट्ट्यांत, सुमारे 80 मीटरच्या तपशिलाने, 185 किलोमीटर रुंद प्रदेशाच्या प्रतिमा दिल्या. त्याच उपग्रहावर ज्या टीव्ही कॅमेऱ्यांना मुख्य उपकरण मानले गेले होते, त्यांच्यापेक्षा हा स्कॅनरच अधिक उपयोगी ठरला, आणि पृथ्वीनिरीक्षणाची पुढील अर्धशतकाची दिशा त्याने निश्चित केली.

या रचनेची अडचण वेळेची आहे. 700 किलोमीटर उंचीवरील उपग्रहाची छाया जमिनीवरून सेकंदाला सुमारे पावणेसात किलोमीटर वेगाने सरकते असे धरले, तर 30 मीटरचा पिक्सेल ओलांडायला तिला जेमतेम साडेचार मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत एकाच शोधकाला 185 किलोमीटरच्या पट्टीतील सहा हजारांहून अधिक पिक्सेल टिपायचे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंदही येत नाही. इतक्या थोड्या वेळात पोहोचणारी ऊर्जा क्षीण असते आणि उपकरणाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटात ती हरवू शकते. एका वेळी अनेक ओळी टिपण्यासाठी प्रत्येक पट्ट्याला अनेक शोधक देण्याचा उपाय त्यावर करण्यात आला, तरी अडचण मुळातून सुटली नाही.

दुसऱ्या वर्गाने ती सोडवली. 1969 मध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो साठवणाऱ्या सीसीडी या अर्धवाहक घटकाची कल्पना मांडली. अशा हजारो घटकांची एक सरळ ओळ दुर्बिणीच्या नाभीवर बसवली की आडव्या पट्टीतील प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा शोधक मिळतो, आरसा हलवण्याची गरज उरत नाही, आणि प्रत्येक शोधकाला संपूर्ण साडेचार मिलिसेकंदांचा अवधी उपलब्ध होतो. 1986 मध्ये फ्रान्सच्या स्पॉट-1 उपग्रहाने ही रचना वापरली आणि 17 मार्च 1988 रोजी बैकानूर येथून सोडलेल्या भारताच्या आयआरएस-1ए ने तीच स्वीकारली. त्याच्यावरील लिस-1 या संवेदकात एका ओळीत 2048 शोधक होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीवरील 72.5 मीटर येत होते. दोन्हींचा गुणाकार केला की या संवेदकाच्या 148 किलोमीटर रुंद दृश्यपट्टीचा उलगडा होतो. त्यापूर्वी 7 जून 1979 रोजी सोडलेल्या भास्कर-1 या प्रायोगिक उपग्रहावर दोन टीव्ही कॅमेरे आणि एक सूक्ष्मतरंग प्रारणमापक होता. नऊ वर्षांत तेथून स्वतःच्या सीसीडी संवेदकांपर्यंत झालेली वाटचाल भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या मोठ्या यशांपैकी एक आहे. 1995 च्या अखेरीस सोडलेल्या आयआरएस-1सी वरील कृष्णधवल कॅमेऱ्याची 5.8 मीटरची क्षमता त्या काळच्या नागरी उपग्रहांत सर्वोत्तम होती.

चार विभेदनक्षमता आणि त्यांतील देवाणघेवाण

संवेदकाची गुणवत्ता चार प्रकारच्या विभेदनक्षमतांनी सांगितली जाते. लहानांत लहान किती क्षेत्र वेगळे ओळखता येते ती अवकाशीय, किती अरुंद आणि किती पट्ट्यांत प्रारण विभागता येते ती वर्णपटीय, प्रारणाच्या तीव्रतेतील किती बारीक फरक नोंदवता येतो ती प्रारणमापी आणि त्याच ठिकाणाची पुन्हा प्रतिमा किती दिवसांनी मिळते ती कालिक विभेदनक्षमता होय.

अवकाशीय क्षमतेचा अर्थ महाराष्ट्रातील शेताच्या मापात लक्षात घेण्यासारखा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, त्यामुळे युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा 10 मीटर बाजूचा पिक्सेल जवळजवळ एका गुंठ्याएवढा असतो. रिसोर्ससॅटच्या लिस-3 या संवेदकाचा 23.5 मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठे व्यापतो, त्याच मालिकेतील अॅविफ्स या संवेदकाचा 56 मीटरचा पिक्सेल 31 गुंठ्यांचा, म्हणजे पाऊण एकराहून थोडा अधिक होतो, तर लिस-4 च्या 5.8 मीटरच्या पिक्सेलपैकी तीन पिक्सेल मिळून एक गुंठा भरतो. ज्या गावात एकाच एकरात तूर, सोयाबीन आणि ज्वारीचे पट्टे शेजारीशेजारी असतात, तेथे 31 गुंठ्यांच्या पिक्सेलमधील संख्या यांपैकी कोणत्याही एका पिकाची राहत नाही; ती सर्वांची सरासरी होते. अशा पिक्सेलला मिश्र पिक्सेल म्हणतात, आणि लहान जमीनधारणेच्या प्रदेशात पीकक्षेत्राच्या अंदाजात येणाऱ्या चुकांचे ते एक प्रमुख कारण आहे.

मग सर्वत्र लहानांत लहान पिक्सेल का वापरू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. पिक्सेल लहान केला की त्याच्याकडून येणारी ऊर्जा घटते, पट्टा अरुंद केला की ती आणखी घटते, आणि ऊर्जा फारच घटली की संकेत गोंगाटात बुडतो. म्हणून अतिसूक्ष्म तपशिलाचे कॅमेरे बहुधा एकाच रुंद पट्ट्यात कृष्णधवल प्रतिमा घेतात. तपशील वाढला की दृश्यपट्टीही अरुंद होते आणि तेच ठिकाण पुन्हा दिसायला विलंब लागतो. अॅविफ्सची दृश्यपट्टी 740 किलोमीटर रुंद असल्याने तो पाच दिवसांत पुन्हा तेथे येतो, तर 141 किलोमीटर रुंदीच्या लिस-3 ला 24 दिवस लागतात; 2019 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-3 चा कॅमेरा पाव मीटरच्या घरातील तपशील देतो, परंतु त्याची पट्टी सुमारे 16 किलोमीटरचीच असते. भारताने अॅविफ्स, लिस-3 आणि लिस-4 हे तीन संवेदक एकाच उपग्रहावर बसवले त्यामागे हाच विचार आहे. प्रारणमापी क्षमतेतही अशीच प्रगती झाली: रिसोर्ससॅट-1 वरील लिस-3 सात बिटांत, म्हणजे 128 पायऱ्यांत, तीव्रता नोंदवत होता आणि रिसोर्ससॅट-2 वर तोच संवेदक दहा बिटांत, म्हणजे 1024 पायऱ्यांत, नोंदवू लागला; काळ्या जमिनीच्या गडद छटांतील भेद ओळखण्यासाठी ही वाढ मोलाची ठरते.

वर्णपटीय क्षमता टोकाला नेली की शेकडो अरुंद, सलग पट्ट्यांत मोजमाप करणारे अतिवर्णपटीय संवेदक मिळतात. चांद्रयान-1 वरील नासाच्या खनिजमापक संवेदकाने चंद्राच्या पृष्ठभागावर 3 मायक्रोमीटरच्या आसपास जे शोषण टिपले, त्यावरून 2009 मध्ये तेथे हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे रेणू असल्याचे जाहीर झाले. चार रुंद पट्ट्यांच्या संवेदकाला हा शोध लागणे शक्य नव्हते.

ढगांपलीकडे : सूक्ष्मतरंग आणि रडार

प्रकाशीय संवेदक कितीही सुधारले तरी ढगांपुढे ते निष्प्रभ ठरतात, आणि मोसमी पावसाच्या प्रदेशात ही उणीव मूलभूत आहे. महाराष्ट्रातील बहुतांश शेती खरिपाची. पेरणी, उगवण आणि वाढीचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर असा, आणि नेमक्या याच काळात आकाश झाकलेले असते. जेव्हा पाहण्याची गरज सर्वाधिक, तेव्हा दिसत नाही, ही अडचण समशीतोष्ण देशांच्या अनुभवावर बेतलेल्या पद्धती उसन्या घेऊन सुटणारी नाही.

ढगांतील पाण्याचे थेंब सेंटिमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या तरंगलांबीपुढे फारच लहान असतात, त्यामुळे असे तरंग ढगांतून जवळजवळ अडथळ्याविना पार जातात. सूक्ष्मतरंगांचे संवेदन दोन प्रकारे होते. पृष्ठभागाने स्वतः उत्सर्जित केलेले क्षीण सूक्ष्मतरंग मोजणाऱ्या उपकरणाला प्रारणमापक म्हणतात. ते मातीतील ओल आणि समुद्रावरील बाष्प मोजते, पण ऊर्जा क्षीण असल्याने त्याचा पिक्सेल अनेक किलोमीटरांचा ठेवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात संवेदक स्वतःच तरंग पाठवतो आणि परत आलेला प्रतिसाद मोजतो. सूर्यप्रकाश किंवा पृथ्वीचे उत्सर्जन यांवर विसंबणाऱ्या संवेदकाला निष्क्रिय आणि स्वतःची ऊर्जा वापरणाऱ्याला सक्रिय संवेदक म्हणतात. रडार हा सक्रिय संवेदकांचा सर्वांत महत्त्वाचा प्रकार आहे, आणि लेसरच्या स्पंदांनी उंची मोजणारा लायडार हा दुसरा.

रडारपुढे मोठा प्रश्न अँटेनाच्या आकाराचा होता. 24 सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार 12 मीटरच्या अँटेनाने 747 किलोमीटर उंचीवरून वापरले, तर त्याचा झोत जमिनीवर सुमारे 15 किलोमीटर पसरतो, आणि इतक्या ढोबळ मापाने काहीच साधत नाही. यावरील तोडगा कार्ल वायली यांनी 1951 मध्ये मांडला: रडार पुढे सरकत असताना तीच वस्तू झोतात असेपर्यंत तिच्याकडून आलेले सर्व प्रतिसाद त्यांच्या वारंवारतेतील सूक्ष्म बदलासह साठवायचे आणि गणिताने एकत्र जुळवायचे, म्हणजे लहान अँटेना काही किलोमीटर लांबीच्या अँटेनाचे काम करते. या संश्लेषित छिद्र रडारमध्ये मार्गाच्या दिशेतील तपशील अँटेनाच्या निम्म्या लांबीएवढा सूक्ष्म होऊ शकतो आणि उंचीवर तो अवलंबून राहत नाही. वर घेतलेले आकडे निसार या उपग्रहाचे आहेत. नासा आणि इस्रो यांनी संयुक्तपणे बनवून 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या या उपग्रहावर नासाचे एल-पट्ट्यातील आणि इस्रोचे एस-पट्ट्यातील अशी दोन रडारे आहेत, आणि बारा दिवसांच्या आवर्तनात जगातील जवळजवळ सर्व भूभागाचे निरीक्षण करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

रडारची प्रतिमा रंग दाखवत नाही. ती पृष्ठभागाचा खडबडीतपणा, रचना आणि ओल दाखवते. शांत पाण्यावर पडलेले तरंग आरशावरून जावेत तसे दूर निघून जातात, म्हणून पाणी काळे दिसते. भाताची लावणी झालेले खाचर सुरुवातीला असेच काळे दिसते आणि रोप वाढत जाते तसतसे ते उजळत जाते. तारखांनुसार होणाऱ्या या बदलावरून खरिपातील भाताखालील क्षेत्राचा अंदाज देशात अनेक वर्षे रडारनेच घेतला जातो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत आलेल्या महापुरात ढगांखालची पाण्याची व्याप्ती नकाशावर आणणे रडारमुळेच शक्य झाले. मात्र रडारच्याही मर्यादा आहेत. ते तिरके पाहते, त्यामुळे सह्याद्रीसारख्या उभ्या कड्यांच्या प्रदेशात रडारकडे तोंड करून असलेले उतार प्रतिमेत आखूड होतात, कधी माथा पायथ्याच्याही अलीकडे झुकलेला दिसतो आणि पलीकडचा उतार छायेत हरवतो.

जमिनीवरील पडताळणी

संवेदक संख्या देतो, कारण देत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा लँडसॅट-8 च्या 25 मे आणि 10 जून या दोन दिवसांच्या प्रतिमांत हा बदल स्पष्ट उमटला. या दोन तारखांमधील सोळा दिवसांचे अंतर म्हणजे त्या उपग्रहाची कालिक विभेदनक्षमताच होय. परंतु रंग का बदलला याचे उत्तर पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासल्यावरच मिळाले; अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो बदल झाला होता.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. निंबस-7 या उपग्रहावरील ओझोनमापक संवेदकाने 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात अंटार्क्टिकावर असाधारण कमी मूल्ये नोंदवली होती, परंतु इतका कमी ओझोन त्यापूर्वी कधी आढळला नसल्याने आधारसामग्री तपासणाऱ्या प्रणालीने त्या नोंदींवर संशयास्पद अशी खूण केली. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जमिनीवरील उपकरणाच्या दीर्घकालीन नोंदींच्या आधारे ओझोनची घट मे 1985 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर उपग्रहाच्या त्याच नोंदींनी या ओझोन-विवराचा खंडव्यापी विस्तार जगापुढे आणला. जमिनीवरील उपकरणाला एका ठिकाणचे सत्य ठाऊक होते आणि उपग्रहाला त्याची व्याप्ती ठाऊक होती. दोन्ही एकत्र आल्यावरच मानवजातीला धोक्याचे खरे स्वरूप कळले.

म्हणून संवेदकाचे अंशशोधन, म्हणजे ज्ञात परावर्तनाच्या पृष्ठभागाशी त्याच्या नोंदींची तुलना, आणि प्रत्यक्ष शेतात, जंगलात, पाणवठ्यावर जाऊन केलेली पडताळणी हे सुदूर संवेदनाचे दुय्यम अंग मानता येत नाही. महाराष्ट्रात या कामाला लागणारी साधने उपलब्ध आहेत. नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि इस्रोचे प्रादेशिक केंद्र आहे. पीक कापणी प्रयोगांची जुनी व्यवस्था आहे. आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद छायाचित्र आणि स्थानासह करू लागला आहे. काळजीपूर्वक केलेली अशी प्रत्येक नोंद ही उपग्रहाच्या एखाद्या पिक्सेलचा अर्थ निश्चित करणारी साक्ष ठरू शकते, आणि निष्काळजीपणे केलेली नोंद त्या पिक्सेलवर आधारलेला प्रत्येक निष्कर्ष बिघडवू शकते.

सुदूर संवेदनाच्या साह्याने घेतलेले निर्णय आता विम्याच्या भरपाईपर्यंत, दुष्काळाच्या घोषणेपर्यंत आणि पुनर्वसनाच्या आराखड्यापर्यंत पोहोचले आहेत. ज्यांच्या आयुष्यावर या निर्णयांचा परिणाम होतो, त्यांना प्रतिमा कोणत्या संवेदकाची, कोणत्या तारखेची, किती मीटरच्या पिक्सेलची आणि जमिनीवर कोठे पडताळलेली, हे चार प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि निर्णय घेणाऱ्यांना त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत. शाळा-महाविद्यालयांतील भूगोल आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी उपग्रहप्रतिमेचे वाचन मराठीतून शिकवावे, विद्यार्थ्यांना प्रतिमा हाती देऊन शिवारात न्यावे आणि कागदावरील संख्या मातीशी ताडून पाहण्याची सवय लावावी. आकाशातून मोजमाप करण्याची क्षमता भारताने मिळवली आहे. त्या मोजमापाला जाब विचारू शकणारा सुजाण नागरिक घडवणे हे आता शिक्षणाचे काम आहे.